पाचवा कन्व्हर्टर

"हाही गेला," दाजी म्हणाले. हातातला टॉर्च विझवून त्यांनी कन्व्हर्टर टेबलावर ठेवला.

कोरडे मिस्त्री पलीकडे इंजिनाच्या खात्यात फडक्याने हात पुसत उभे होते. हात तसे स्वच्छच होते. पण चेहऱ्यावर काळजी आणायची असली की हाताला काहीतरी चाळा लागतो, तसा तो चाळा होता. मनातून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पहिला कन्व्हर्टर गेला तेव्हा त्यांना नुसतं बरं वाटलं होतं, तिसऱ्याला त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं होतं, आणि आज पाचवा.

एका मोठ्या दवाखान्याच्या बारा ॲम्ब्युलन्स या वर्कशॉपकडे दुरुस्तीला होत्या. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये बसवलेला पत्र्याचा फुगीर डबा. इंजिनातून निघालेला विषारी धूर त्याच्यातून पुढे जाताना निरुपद्रवी होतो. हा डबा वर्षानुवर्षं टिकावा अशी अपेक्षा असते. पण या गाड्यांचे डबे नवे बसवले तरी दीड-दोन महिन्यांत निकामी होत होते, आणि ते बसवण्याचं खातं दाजींचं होतं.

मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आले. त्यांनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"दाजी, आता स्पष्टच बोलतो. सहावी गाडी आज आलीय. तिच्या कन्व्हर्टरला दगड लागलाय, त्यात तुमचा दोष नाही. आधी तिचं ऑइल गळतंय ते मिस्त्री बघतील, मग तुम्ही नवीन कन्व्हर्टर टाका. सहा आठवड्यांनी दवाखान्याचा माणूस मशीन घेऊन येणार आहे. तिचा धूर पास झाला तर ठीक. नाहीतर बाराच्या बारा गाड्या ते दुसरीकडे नेणार. मग मला धुराचं खातं ठेवून काय करायचंय?"

दाजींनी मान हलवली. मालक मिस्त्रींकडे वळले. "तुमचं काय म्हणणं, मिस्त्री?"

"मी काय बोलणार? माझं खातं इंजिनाचं. मी बांधलेलं इंजिन गळलं तर मला विचारा."

"तुमचं कुठलं गळायला," मालक म्हणाले आणि निघून गेले.

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हतं, पण नवीन गिऱ्हाइकं आडनाव समजूनच हाक मारायची. मिस्त्रींनी एकदा इंजिन बांधलं की त्यातून ऑइलचा थेंब गळत नसे. खाली पांढरा कागद अंथरून ठेवा, सकाळी तो कोराच. म्हणून कोरडे. एकतीस वर्षांत कमावलेली ही एवढीच पदवी. तिच्यामागचं गुपित त्यांच्या खोक्यात असे. इतर मिस्त्री झाकणाच्या सांध्यातल्या पॅकिंगला इंजिनासाठी मिळणारी पेस्ट लावत. मिस्त्रींनी फार वर्षांपूर्वी खिडकीच्या काचा आणि न्हाणीघरातल्या फटी बुजवायची सिलिकॉनची नळी, ती आंबट वासाची, एका जुन्या इंजिनाला लावून बघितली होती. ती अशी चिकटली की पुढच्या वेळी झाकण काढायला हातोडी लागली. तेव्हापासून तीच. आणि लावताना ते कधी हात राखत नसत.

दाजींचं मात्र सगळं उलट. दाजी म्हणजे मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मिस्त्रींपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बहिणीचा नवरा पडला, तेव्हा अहो-जाहो आलंच. चार वर्षांपूर्वी त्यांचं काम सुटलं तेव्हा मिस्त्रींनीच मालकाकडे शब्द टाकून त्यांना इथे आणलं. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. मिस्त्री "दाजी" म्हणतात म्हणून फिटर, रंगारी, रखवालदार सगळेच दाजी म्हणू लागले आणि हा माणूस अख्ख्या वर्कशॉपचा पाहुणा होऊन बसला. पूर्वी गाडीत कसलाही आवाज आला की ड्रायव्हर मिस्त्रींकडे येत. मिस्त्री डोळे मिटून ऐकत आणि रोग सांगत. आता ड्रायव्हर दाजींकडे जात. दाजी गाडीला यंत्र जोडत आणि रोग पडद्यावर उमटत असे.

बरं, माणूस उर्मट असता तर सोय झाली असती. चार शब्द ऐकवता आले असते. पण दाजी उलट उत्तर देत नसत, शिल्लक राहिलेलं काम आपण होऊन उचलत, आणि जाता-येता "दादा, पाणी आणू का?" विचारत. अशा माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. मिस्त्री ते कष्ट रोज घेत होते.

रविवारी बहीण आणि दाजी आईला भेटायला आले. आई मिस्त्रींकडे राहायची. तिचे गुडघे गेले होते, पण कान आणि चौकशा शाबूत होत्या.

"जावईबापू," दाजी टेकतात न टेकतात तोच ती म्हणाली, "तुमच्या त्या डब्यांनी म्हणे डोकं उठवलंय. त्यात असतं तरी काय?"

"डबा कापला ना आई, तर आत भाजक्या मातीचा ठोकळा निघतो," दाजींनी दोन्ही हातांनी आकार दाखवला. "त्याला आरपार बारीक बारीक भोकं, मधमाश्यांच्या पोळ्याला असतात तशी. भोकांच्या भिंतींवर महागड्या धातूंचा मुलामा. इतका पातळ की दिसत नाही. इंजिनातून अर्धवट जळलेलं पेट्रोल येतं, विषारी वायू येतात. ते या तापलेल्या मुलाम्याला टेकले की त्यांची आपसात देवाणघेवाण होते, आणि पुढे निघते ती बहुतेक वाफ आणि साधी हवा."

"मग मुलामा झिजत असेल."

"नाही ना. तो स्वतः संपत नाही. तो नुसता असतो. पण तो आहे म्हटल्यावर बाकीचे आपसात मिटवून टाकतात."

आई हसली. "म्हणजे माझ्या सासूबाई. खाटेवरून उठायच्या नाहीत, कुणाला बोलायच्या नाहीत. पण त्या खोलीत असल्या की आम्ही जावा-जावा भांडण विसरून भाजी निवडायला बसायचो. त्या गेल्या आणि महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या." बहीणही हसली. "मग हे तुमचे डबे बिघडतात कशाने?"

"तीन गोष्टी. दगड लागला की ठोकळा फुटतो. इंजिनात ठिणगी नीट पडली नाही तर कच्चं पेट्रोल डब्यात येऊन तिथे पेटतं, मग ठोकळा वितळतो. आणि तिसरं म्हणजे विष. धुराबरोबर भलतंच काही येतं, जळकं ऑइल, आणखी काही, आणि मुलाम्यावर थर बसतो. मुलामा आत चांगला असतो, पण झाकलेला. धूर त्याला शिवतच नाही."

"म्हणजे तो आपल्या मरणाने मरत नाही म्हणा."

"सहसा नाही. बहुतेक वेळा इंजिनाकडूनच काहीतरी..." एवढं बोलून दाजी थांबले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मिस्त्री दाराशी उभे होते. खुर्ची होती, पण बसले नव्हते. एकतीस वर्षं ते कामावरून घरी येत होते, आणि आईने एकदाही विचारलं नव्हतं की बाबा रे, इंजिनात असतं तरी काय. हात धुतलेस का, जेवलास का, उशीर का झाला, एवढंच. आणि हा कालचा पाहुणा मातीच्या ठोकळ्याची गोष्ट सांगतो आणि ही तोंडात बोट घालून ऐकते. त्यांच्या पोटात खरोखर दुखायला लागलं.

पाहुणे गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कसलातरी जळका वास येतोय म्हणून गॅस बघून आले," ती म्हणाली. "तर तुम्हीच निघालात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी नवीन कन्व्हर्टर आणायला बाहेर गेले. सहाव्या गाडीचं इंजिन मिस्त्रींकडे उघडं पडलं होतं. झाकण साफ झालं होतं, पॅकिंग तयार होतं, नळीचं टोक कापायचं बाकी होतं. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे डबे उघडून जेवायला बसले होते. ते उठून दाजींच्या टेबलाशी गेले.

काय सापडावं असं वाटत होतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. नकली माल. स्वस्तातला डबा आणून चांगल्याच्या नावावर खपवल्याचा पुरावा. पाच डबे उगाच जात नाहीत. तो पुरावा मालकासमोर ठेवताना आपण काय बोलायचं, हेही त्यांनी आंघोळ करताना ठरवून टाकलं होतं. त्यांनी खण ओढला.

आत कागदाच्या पाच पुड्या होत्या. प्रत्येकीत एकेक सेन्सर. कन्व्हर्टरच्या तोंडाशी बसून धुरातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाएवढा. जळका सेन्सर काळा पडतो, हे मिस्त्रींनाही माहीत होतं. पण या पाचांची टोकं पीठ लागल्यासारखी पांढरी होती. प्रत्येक पुडीवर दाजींच्या बारीक अक्षरात गाडीचा नंबर, खाली दोन तारखा. एक कन्व्हर्टर गेल्याची. दुसऱ्या तारखेपुढे लिहिलं होतं, "इंजिन बांधलं". पाचही ठिकाणी दोन तारखांमध्ये दीड-दोन महिने.

सहाव्या पुडीत एक पत्र्याचा तुकडा होता. त्यावर चिमूटभर पांढरी भुकटी, आणि पुडीवर लिहिलेलं, "दादांची पेस्ट, जाळून." खाली दोन महिन्यांपूर्वीची तारीख. आणि खणाच्या तळाशी इंजिनाच्या पेस्टची एक नवीकोरी नळी, जिच्यावर ठसठशीत छापलं होतं की ही सेन्सरला चालते.

मिस्त्री आपल्या जागी परत आले. त्यांनी आपल्या नळीतला एक थेंब पत्र्यावर घेतला, वाळू दिला, आणि खालून ज्योत धरली. आंबट धूर निघाला, थेंब काळा झाला, मग करडा, मग पांढरा. बोट लावलं तर पीठ. त्यांना आणखी कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. इंजिन आपल्याच पोटातली वाफ पुन्हा ओढून जाळतं, हे ते तीस वर्षं नव्या माणसांना शिकवत आले होते. त्या वाफेबरोबर पेस्टची वाफ जात होती, जळून भुकटी होत होती, आणि पुढे जाऊन सेन्सरवर आणि मुलाम्यावर बसत होती. जुन्या गाड्यांना कन्व्हर्टरच नव्हते, तेव्हा भुकटी धुराबरोबर उडून जायची आणि मिस्त्रींची वाहवा व्हायची.

कपाळाला हात लावून ते बसले. आणि तशा अवस्थेतही पहिला विचार आला तो हा, की अजून काही बिघडलेलं नाही. सहावं इंजिन उघडं आहे. नेहमीसारखं बांधायचं. नेहमीसारखं बांधलं म्हणून कुणी कुणाला दोष देत नाही. सहा आठवड्यांनी धूर नापास होईल, दाजी जातील, आणि ड्रायव्हर पुन्हा इकडे येतील. बहिणीचं काय होईल, हा विचार दुसरा आला. तो दुसरा आला याची त्यांना लाज वाटली, पण नळी हातात तशीच होती.

दाजी आले ते खोका खांद्यावर घेऊन. मिस्त्रींच्या पुढ्यातला जळका पत्रा त्यांना दिसला आणि ते उभेच राहिले.

"खण मी उघडला," मिस्त्री म्हणाले. "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तिसऱ्या गाडीपासून."

"मग मालकाला का नाही सांगितलंत? तुमची नोकरी जायची वेळ आली."

दाजींनी खोका खाली ठेवला. "दादा, मला काय, यंत्र लावता येतं. कुठेही काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण... आणि तुमचं नाव आहे इथे. त्या नावावरच मला घेतलं होतं."

"आणि ती नवीन नळी?"

"तुमच्या खोक्यात हळूच ठेवणार होतो. दोनदा आलोही. पण तुमच्या खोक्याला हात लावायची हिंमत झाली नाही." ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अजूनही काही बिघडलं नाही. हे इंजिन त्या नळीने बांधा. बाकीच्या पाच मी एकेक करून साफ करीन. कुणाला कळणार नाही. तुम्ही आणि मी, बस."

त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. त्यात उपकार नव्हते, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. मिस्त्रींना तेच सहन झालं नाही. खण उघडणारे आपण, आणि खोक्याला हात न लावणारा हा. कामात पुढे गेला, आईच्या मनात पुढे गेला, आणि आता चांगुलपणातही आपल्याला मागे टाकून उभा राहिला. गप्प बसलो तर नाव वाचेल. पण मग रोज सकाळी याचं तोंड बघायचं, याने वाचवलेलं नाव लावून, मरेपर्यंत. त्यापेक्षा नाव गेलेलं परवडलं.

माणसं खरं बोलतात ती नेहमी सद्‌गुणामुळेच बोलतात असं नाही. मिस्त्री जळका पत्रा उचलून ताडताड केबिनकडे गेले ते निव्वळ मत्सराने.

"दादा, थांबा," दाजी मागून म्हणाले.

"तुम्ही यायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "मोठेपणा सगळा तुम्हीच घ्यायचा असं कुठे लिहिलेलं नाही."

त्यांनी मालकांना केबिनच्या बाहेर बोलावलं आणि जेवत्या माणसांसमोर सांगितलं. कन्व्हर्टर चांगले होते. बसवलेही नीट होते. पेस्ट माझी होती. पाचही गाड्या मी मारल्या.

मालकांनी पत्रा हातात घेऊन पाहिला. एकतीस वर्षं काम केलेल्या माणसावर ओरडायचं कसं हे त्यांना सुचेना. शेवटी ते हळूच म्हणाले, "सगळी इंजिनं उघडून साफ करून घ्या. आणि यापुढे तुम्ही इंजिन बांधलंत की दाजी एकदा बघतील. त्यांनी हो म्हटल्यावरच गाडी बाहेर."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

पाच इंजिनं त्यांनी एकट्याने उघडली. जुनी पेस्ट इतकी घट्ट बसली होती की पात्याने तासून काढावी लागली. दाजी मदतीला आले तेव्हा त्यांनी नको म्हटलं. सहावी गाडी नव्या नळीने बांधली. बांधून झाल्यावर दाजी आले, वाकून सगळीकडून बघितलं आणि मान डोलावली. त्या वेळी मिस्त्री भिंतीकडे तोंड करून तिथे टांगलेले पाने मोजत उभे राहिले. सहा आठवड्यांनी दवाखान्याच्या माणसाने तिच्या सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घातली आणि धूर पास झाला. सगळ्यांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली.

त्या रविवारी दाजी आणि बहीण आले तेव्हा आईने पहिली चौकशी डब्यांचीच केली.

"पास झाली गाडी," दाजी म्हणाले. "कुठे चुकत होतं ते दादांनीच मालकांना सांगितलं."

शब्द न शब्द खरा होता. मिस्त्रींनी दाजींकडे पाहिलं. दाजी आपल्या चपलांकडे बघत होते.

"यानं?" आई म्हणाली. तिने खाटेवरची उशी बाजूला सारली आणि शेजारी हात आपटला. "ये, बस इथं. मला सांग बघू. काय होतं नेमकं?"

मिस्त्री बसले. हेच तर हवं होतं इतकी वर्षं. आता गोष्ट जराशी वळवली असती तरी चाललं असतं; बहिणीला काही माहीत नव्हतं आणि दाजी बोलणार नव्हते. पण ती वळवली तर पुढे ती दाजींच्या मेहेरबानीवर टिकणार होती. म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. इंजिनाचं झाकण, पॅकिंग, आंबट वासाची नळी, वाफ, पांढरी भुकटी. आई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती आणि प्रश्न चांगले होते.

"मग ती नळी लावत कोण होतं?" तिने विचारलं.

"मीच."

"चल, काहीतरीच." आईने ते हाताने झटकून टाकलं. "तुझ्या हातून काम बिघडणार? तुझा बाप गेला तेव्हापासून या घराकडे बघतेय मी. तुझं काम कसं चाललंय, हे मला कधी विचारावंसुद्धा लागलं नाही. पोरीचा संसार, जावयाची नोकरी, सगळ्यांची काळजी केली. तुझ्या कामाची एक दिवस केली नाही." मग ती दाजींकडे वळली. "हा कुणाला तरी पाठीशी घालतोय. खरं सांगा हो जावईबापू. कुणाची चूक होती?"

दाजींनी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत एवढंच होतं, की सांगा, तुम्ही म्हणाल ते बोलतो.

मिस्त्रींनी आईकडे पाहिलं. तिने विचारलं नव्हतं, कारण तिला शंकाच नव्हती. आणि आपण एकतीस वर्षं दाराशी उभं राहून जळत होतो.

"सांगा, दाजी," ते म्हणाले. "आहे ते सांगा."

"दादांचीच होती, आई," दाजी म्हणाले.

 आईने मिस्त्रींचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "उद्या किती वाजता जायचंय तुला कामाला?"